आठ अधिक चार

फोन वाजला तेव्हा अपर्णाबाई पेटीचा भाता पुसत होत्या.

चार वाजता मंडळात कीर्तन होतं आणि पेटीची साथ त्यांची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. बुवा कुठलेही येवोत, पेटीवर अपर्णाबाई आणि झांजेवर मारोतराव वैरागडे. गेल्या चाळीस दिवसांत मात्र झांज खुंटीवरून उतरली नव्हती.

"अपर्णाताई, मी सुशीला. वैरागडेंच्या घरून." आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. "तुम्ही आत्ता येता काय? उद्या अकरा वाजता हे सही करून देऊन राहिले."

"कसली सही?"

"का भार्गवले त्याइनंच मारलं म्हनून."

अपर्णाबाईंनी पेटी बंद केली. बुवांना फोन करून सांगितलं, आज माझी वाट पाहू नका.

भार्गव हा मारोतरावांचा थोरला. सत्तावीस वर्षांचा, लोखंडी कामाच्या उभारणीवर फिटर. रायपूरबाहेर, उरल्याच्या पुढच्या एका कारखान्यात, तीस फुटांवरच्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर उभा असताना तो पेलणारा खालचा ब्रॅकेट सुटला आणि तो खाली आला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. ब्रॅकेटला बोल्ट हवे होते बारा. यादीत लिहिले होते आठ. ती यादी निघाली होती भनपुरीतल्या नकाशांच्या ऑफिसातून, आणि ज्या प्रोग्रामनं ती काढली तो लिहिला होता तिथले सगळ्यांत जुने नकाशेवाले मारोतराव वैरागडे यांनी. स्वतः बापानं.

पोरगा बापाच्या प्रोग्रामपायी गेला, असं सगळे म्हणत होते. सगळ्यांत मोठ्यानं बापच म्हणत होता.

तात्यापाऱ्यातल्या वैरागडेंच्या दोन खोल्यांत सुशीलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांचे डोळे कोरडे होते, आणि तेच पाहवत नव्हतं.

"मले एवढंच पाहून द्या ताई," त्या हळूच म्हणाल्या. "खरंच यांच्या हातून झालं काय? झालं असन तं झालं, मी त्याइले काही म्हननार नाही. पन नसन झालं, तं हा मानूस भितीकडं तोंड करून मरून राहिला तो कायले?"

अपर्णाबाई अठ्ठावीस वर्षं सरकारी प्रशिक्षण संस्थेत संगणकावरचं नकाशेकाम शिकवत होत्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या पोटात लिस्प नावाची एक भाषा असते, ती रायपुरात त्यांच्याइतकी कोणी शिकवली नसेल. म्हणून हा फोन त्यांना आला होता. पोलिसाला यातलं काय कळणार?

मारोतराव खाटेवर होते. अपर्णाबाईंनी स्टूल ओढलं.

"जेवलात?"

मारोतरावांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं.

"बरं, राहू द्या. बोल्टच्या यादीचा प्रोग्राम कधी लिहिला तुम्ही?"

"दोन हजार नऊ."

"त्यानंतर हात लावला?"

"आठवत नाही."

"यादी निघाली त्या दिवशी ऑफिसात होतात?"

"नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आठ दिवस घरीच."

"मग यादी काढली कोणी?"

"शर्मीनं. पन तिनं काय, बटन दाबलं. लिहिलं तं मीच होतं ना."

"नक्की काय चुकलं, ते कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगतीन काय? बारा पाहिजे तिथं आठ निघाले."

"तुम्ही स्वतः उघडून पाहिलंत?"

मारोतराव पहिल्यांदा वळले. "काय पाहू ताई? वर नाव माह्यं आहे."

पडद्यामागून शर्मिष्ठा चहा घेऊन आली. चोवीस वर्षांची, भार्गवची धाकटी बहीण. बापाच्याच ऑफिसात नकाशे काढायची. अपर्णाबाईंच्या हाताखाली दोन वर्षं शिकलेली, वर्गातली सगळ्यांत चटपटीत पोट्टी. पाया पडली. गळ्यातलं ओळखपत्र कपात बुडता बुडता राहिलं.

"तूच चालवलास ना प्रोग्राम?"

"हाँ मॅडम. रन किया, प्रिंट दे दिया."

"कुठं अडला?"

"नहीं."

"साइटवरून कोणाचा..."

"नहीं मॅडम, कोई फोन नहीं आया." तिनं रिकामा ट्रे उचलला. "ऑफिस को लेट हो रहा है."

अपर्णाबाईंनी चहा संपवला. चहात साखर नेहमीपेक्षा दुप्पट होती.

भनपुरीतलं ऑफिस एका गोदामाच्या वर. खाली ट्रकांचे हॉर्न, वर सहा संगणक, त्यातल्या एकावर शर्मिष्ठा. केबिनमध्ये मालक गोयल साहेब उठून उभे राहिले. वाईट माणूस नव्हता, घाईचा होता.

"मॅडम, भार्गव तो हमारे बच्चे जैसा था. जो ब्रैकेट टूटा था, वो उसी हफ्ते बदलवा दिया. प्लांट चालू है. अब मारोतीजी की सही हो जाए तो जाँच की फाइल भी बंद हो."

"मला फक्त प्रोग्राम पाहायचा आहे. आणि तो नकाशा."

आधी नकाशा उघडला. अपर्णाबाईंनी चष्मा पुसला. जागोजागी ब्रॅकेट, आणि प्रत्येकाच्या बाजूला मारोतरावांची ठेवणीतली टीप: ८+४.

"हे काय, गोयल साहेब?"

"मारोतीजी का स्टाइल है. सामने आठ, बगल में चार. कुल बारह. तीस साल से ऐसे ही लिखते हैं."

मग प्रोग्राम. सगळ्यात वर, मारोतरावांचं नाव आणि साल. फाइलीची तारीख पाहण्यात अर्थ नव्हता. चौकशीसाठी सगळ्या फाइली एकाच दिवशी दुसरीकडे उतरवल्या होत्या, सगळ्यांवर तीच तारीख.

इथं वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. नकाशावर लिहिलेला आकडा तुम्हा-आम्हाला आकडा दिसतो. संगणकाला ती नुसती अक्षरं असतात, दुकानाच्या पाटीसारखी. त्या अक्षरांतून आकडा काढून घ्यावा लागतो. त्यासाठी या लिस्पमध्ये एक शब्द आहे, ए-टू-आय. आणि आकड्याची परत अक्षरं करायची तर आय-टू-ए. हे ए-टू-आय म्हणजे गरीब गाय. कधी हंबरत नाही. डावीकडून वाचत जातं, अंक आहेत तोवर वाचतं, पहिलं परकं अक्षर दिसलं की थांबतं. आणि हाती जेवढं लागलं तेवढं मुकाट देऊन टाकतं. '१२' दिलं तर बारा. '१२ नग' दिलं तरी बाराच. काहीच कळलं नाही तर शून्य. चुकलं, अडलं, समजलं नाही, असं ते आपणहून कधीच सांगत नाही.

समोरच्या फाइलीत नकाशातली टीप उचलली होती. ए-टू-आयला दिली होती. जे मिळालं ते थेट यादीत लिहिलं होतं. बस.

म्हणजे ८+४ मधले आठ घेतले आणि अधिकच्या चिन्हाशी गाय थांबली.

अपर्णाबाईंनी मारोतरावांचे बाकीचे प्रोग्राम एकेक करून उघडले. सव्वीस निघाले. कशात पत्र्याची जाडी, कशात कापायची लांबी. सव्वीसही फाइलींत, अक्षरांचा आकडा केल्यावर लगेच पुढच्याच ओळीत, त्या आकड्याची परत अक्षरं केली होती आणि ती मुळाशी ताडून पाहिली होती. जुळली तर पुढं जा. नाही जुळली तर थांब आणि माणसाला विचार: पाहून सांगा, किती?

ही युक्ती त्यांना ठाऊक होती. कितीतरी वर्षांपूर्वी, मंडळाच्या पायऱ्यांवर, झांज कापडात गुंडाळता गुंडाळता मारोतराव म्हणाले होते, "ताई, बुवा चरण टाकतात, आपण ते परत देतो. आपण चुकीचं दिलं तं बुवा पुढं जात नाहीत, थांबतात. मी मशीनले तेच शिकवलं. तुले काय आयकू आलं ते मले म्हनून दाखव."

सव्वीस फाइलींत मशीन म्हणून दाखवत होतं. सत्ताविसाव्यात गप्प होतं.

त्या पुन्हा वर गेल्या. प्रोग्रामच्या सुरुवातीला, आत काय काय नावं वापरणार याची एक ओळ असते. त्या ओळीत 'परत' असं एक नाव होतं. संपूर्ण फाइलीत ते पुढं कुठंच नव्हतं. पंगतीत पान मांडलंय आणि माणूस आलाच नाही, तसं.

आणि शेवटी एक कंस. लिस्पमध्ये प्रत्येक आज्ञा कंसात असते, उघडलेला प्रत्येक कंस मिटवावा लागतो. मारोतराव सगळे कंस एकाच ओळीत, एकामागं एक मिटवत. या एका तुकड्यात शेवटचा कंस खालच्या ओळीवर एकटाच उभा होता.

अपर्णाबाई त्या कंसाकडे बराच वेळ पाहत बसल्या.

"मॅडम? पानी मँगाऊँ?"

"गोयल साहेब, हा प्रोग्राम मध्येच थांबून विचारायचा का हो?"

"अरे बहुत! हर दो मिनट में. मारोतीजी बैठे-बैठे जवाब देते रहते थे. मैं तो कहता था, इसको चुप कराओ, ट्रक खड़ा है."

"कोणाला म्हणालात?"

"सबको. उस दिन तो चिल्लाया भी."

"आणि त्या दिवशी तो थांबला?"

गोयल साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "नहीं," ते सावकाश म्हणाले. "उस दिन... एक बार भी नहीं रुका."

"तुम्हाला लिस्प येतं?"

"मॅडम, मुझे तो ब्रैकेट में सिर्फ लोहे वाला आता है."

दुसऱ्या कोणत्या दिवशी अपर्णाबाई हसल्या असत्या.

भार्गवचा जोडीदार दुकालू भनपुरीतच, रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत राहत होता. अपघातात त्याचा हात मोडला होता. दारात बसून डाव्या हातानं लाखोडीच्या शेंगा सोलत होता.

"उस दिन बोल्ट किसने लगाए?"

"हमन दूनो झन," तो छत्तीसगढीत म्हणाला आणि त्यानं शेंगा बाजूला केल्या. "छेदा बारा रिहिस, बोल्ट आठ. मैं कहेंव, भैया, चार ठन तो खाली रहि जाही. भार्गव भैया कहिस, रुक, पूछथंव. फोन करिस."

अपर्णाबाईंचा हात पदराशी गेला. "किसको?"

"नइ जानंव. अपन बोली मा गोठियाइस, तुँहर मराठी मा. हाँसत रिहिस."

"कितने बजे?"

"खाय के बाद. एक बजे."

"गोयल साहब से किस भाषा में बोलता था वो?"

"हिन्दी मा. सब्बो झन संग हिन्दी मा."

"फिर? फोन के बाद क्या बोला?"

दुकालूनं शेंगा पुन्हा जवळ ओढल्या. "कहिस, बाबा के परोगराम आय, गलत नइ होवय. आठेच लगा दे."

तीन वाजता चेन-पुलीनं गिअरबॉक्स वर आला, प्लॅटफॉर्मवर टेकला, आणि ब्रॅकेटनं बाजूच्या चार रिकाम्या छिद्रांतून तोंड उघडलं. भार्गवचा फोन त्याच्याबरोबरच खाली पडून चुरा झाला. तो कोणाशी बोलला हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. अपघात तो अपघात.

फाटकाजवळ ऑटो उभे होते. अपर्णाबाई एकातही बसल्या नाहीत. बाजूच्या हनुमानाच्या ओट्यावर टेकल्या.

देवा, हे मला कशाला दाखवलंस? त्या आईचं एक लेकरू तू नेलंस. दुसरं मी नेऊ?

गप्प बसता येत होतं. मारोतरावांना म्हणायचं, बाबा रे, जुना प्रोग्राम, चूक कोणाचीच नाही. आयुष्यभर कीर्तनं ऐकलेल्या बाईला एवढं गोड बोलता आलं असतं. पण सुशीलाबाईंनी गोड मागितलंच नव्हतं. मागितलं होतं खरं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेला तो माणूस उद्या अकरा वाजता खोट्यावर सही करणार होता.

त्यांनी फोन काढला. "शर्मी, घरी ये. मी पण येतेय. हो, आत्ताच."

चार वाजले होते. मंडळात बुवा नमन करायला उभे राहिले असतील, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

खोलीत चौघं होती. मारोतराव खाटेवर उठून बसले होते, उशीला टेकून. सुशीलाबाई चुलीकडच्या दारात. शर्मिष्ठा भिंतीशी उभी, ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत.

"थोडा वेळ मला बोलू द्या," अपर्णाबाई म्हणाल्या. "मारोतराव, यादीत आठ का आले ते आधी ऐका. नकाशात तुम्ही लिहिलं होतं आठ अधिक चार. प्रोग्रामनं त्यातले आठ वाचले आणि अधिकापाशी थांबला."

मारोतरावांच्या कपाळाला आठी पडली. "आठ घेऊन गप बसन कसा? तो तं विचारते. न्हाई जुळलं तं विचारते. मग मी बारा टाकतो. इतके वर्षं टाकून राहिलो."

"विचारायचा. तुमच्या सव्वीस प्रोग्रामांत अजून विचारतो. यात विचारणाऱ्या ओळीच नाहीत. कोणीतरी काढून टाकल्या. पण वरच्या यादीतलं 'परत' हे नाव काढायचं राहून गेलं. जिथं नाव आहे तिथं कधीतरी काम होतं. तुमचा प्रोग्राम चुकला नव्हता, मारोतराव. त्याचं तोंड बांधलं होतं."

"गोयलनं?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"गोयलनं आरडाओरडा केला. पण मधल्या ओळी काढून उरलेले कंस बिनचूक जुळवणं त्याला जमणार नाही. आणि मारोतराव त्या आठवड्यात घरी होते. बरं, ओळी काढणं ही एक चूक झाली. ती निस्तरायची एक संधी देवानं दिली होती. एक वाजता भार्गवनं फोन केला. छेद बारा, बोल्ट आठ, काय करू म्हणून विचारलं. तो मराठीत बोलत होता, हसत होता. त्या ऑफिसात मराठी बोलणारी माणसं दोनच. त्यातलं एक इथं याच खाटेवर होतं. मारोतराव, तुम्हाला आला होता त्याचा फोन?"

मारोतरावांनी नाही म्हणून मान हलवली. ते आता अपर्णाबाईंकडे पाहत नव्हते.

"आणि शेवटचं," अपर्णाबाईंनी चष्मा काढला, "ते मला एकटीलाच दिसणार होतं. बदललेल्या तुकड्यात शेवटचा कंस खालच्या ओळीवर एकटा ठेवलाय. मारोतराव तसं लिहीत नाहीत. तसं मी शिकवायचे. शेवटचा कंस वेगळा ठेवा, म्हणजे घराचं दार लावलं की नाही ते लांबून दिसतं. अठ्ठावीस वर्षं प्रत्येक वर्गाला सांगितलं. त्या ऑफिसात माझ्या वर्गातलं एकच जण आहे."

कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. दोरी बोटावरून सुटली.

"चारसौ टिपा होत्या मॅडम," शर्मिष्ठा म्हणाली. "हर दुसऱ्या टिपेत आकड्यामागं 'नग' लिहिलं होतं, तिथं थांबे. बाबा नव्हते. गोयलसर डोक्यावर उभे. मी त्या ओळी काढल्या. दहा ठिकाणी तपासून पाहिलं, दहाही बरोबर आल्या."

"साध्या आकड्यांच्या असतील."

"हव. साध्याच होत्या."

"आणि फोन आला तेव्हा?"

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात धरलं.

"मी भुलली नव्हती," ती म्हणाली. आता तिच्या बोलण्यात हिंदी उरली नव्हती. "दादा बारा म्हनला अन् मले लगेच समजलं. त्याच क्षनी समजलं मॅडम. पन सांगायचं म्हनजे यादी पुन्हा काढायची, ट्रक परत बोलवायचा, सरच्या पुढं कबूल करायचं का मी बाबाच्या प्रोग्रामले हात लावला. मी म्हटलं, बाबाचा प्रोग्राम हाय, यादीपरमानं लाव. म्हटलं, सायंकाळी पाहून घेऊ. चारच बोल्ट तं हायेत." तिनं तोंडावर हात धरला. "सायंकाळ झालीच नाही."

"मग सांगितलं काहून नाही?" सुशीलाबाई एवढंच म्हणाल्या.

"चौकशीवाला आला अन् मी तोंड उघडाच्या आधी बाबा म्हनले, माह्यं हाय. मग रोज सकाळी उठून ठरवायची, आज सांगतो. चाळीस सकाळी ठरवलं."

आता बाप काय करतो, या भीतीनं अपर्णाबाईंनी डोळे मिटले. शिवी येईल, हुंदका येईल, काहीतरी येईल.

"शर्मे," मारोतराव म्हणाले. "आठ अधिक चार किती ठिकाणी होतं?"

"बाबा?"

"नकाशात. मी किती ठिकाणी लिहिलं होतं?"

तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "बारा."

"बदलले किती?"

"एक."

अपर्णाबाई स्टुलावरून उठल्या. भर दुपारी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तो नकाशा पाहिला होता. कोणी केलं ते शोधत त्या भनपुरीभर हिंडल्या, आणि अजून किती आहेत, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. अकरा ब्रॅकेट, प्रत्येकात चार छिद्रं रिकामी. वरून माणसं चालत होती.

मारोतराव खाटेवरून उतरले. चाळीस दिवसांनी पाय जमिनीला लागले, तोल गेला, त्यांनी भिंत धरली. "फोन दे."

शर्मिष्ठानं लावून दिला.

"गोयल साहब, मारोती. लाइन रुकवाओ. अभी. ... नहीं, किसकी गलती वो बाद में बताता हूँ. पहले दूसरे फोन से प्लांट में बोलकर ऊपर के आदमी उतरवाओ. ... मैं फोन पकड़ के खड़ा हूँ. उतर गए? सब? कितने थे? गिनकर बोलो."

पलीकडून कोणीतरी मोजत होतं.

"नौ," मारोतराव म्हणाले. फोन ठेवला. नऊ माणसं. नऊ घरं.

मग ते पोरीसमोर उभे राहिले. हात उचलला नाही, डोक्यावरही ठेवला नाही.

"उद्या अकराले चाल माह्यासंग. सही मी नाही करत. जे झालं ते तूच सांगजो, एकही गोष्ट नको सोडू. मी तुह्या बाजूनं काही बोलनार नाही." ते दाराकडे वळले. "पन बाजूले बसीन."

ते खाटेकडे गेले नाहीत. दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसले, पाठ घराकडे करून. त्यांचे खांदे हलू लागले तेव्हा अपर्णाबाईंनी नजर वळवली.

सुशीलाबाई अजून तिथंच होत्या. शर्मिष्ठा त्यांच्यासमोर गेली, मार खायला जावं तशी. मान खाली घालून उभी राहिली.

"अजून काय बोलला?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"आई?"

"फोनवर. तो अजून काय बोलला?"

शर्मिष्ठाला शब्द जुळवता येईनात. "तुले... तुले सांग म्हने. डब्यातल्या भाजीत मीठ नाही."

"नव्हतंच," त्या म्हणाल्या. "यांच्या डोयात थेंब टाकू टाकू, मी टाकलंच नव्हतं मीठ. दुपारी मले समजलं. मी म्हटलं, पोट्टा घरी आला का बोलन मले." त्या दाराला धरून खाली बसल्या. "खाल्ली काय त्यानं?"

"सगळी खाल्ली म्हने. दुकालूच्या चटनीसंग."

आणि तेव्हा, चाळीस दिवसांनी, त्या माउलीचे डोळे भरले. तिनं पोरीचा हात ओढून तिला जवळ जमिनीवर बसवलं. जवळ घेतलं नाही, पण हातही सोडला नाही.

"पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "त्यानं हॅलो म्हटलं, तिथून."